वेव्ह फाईलला ‘अनकम्प्रेस्ड’ म्हणावं का?

मूळप्रत:
डिजिटल ध्वनिमुद्रणाची ओळख करून देताना एक वाक्य हमखास येतं: ‘वेव्ह म्हणजे अनकम्प्रेस्ड, फ्लॅक म्हणजे लॉसलेस कम्प्रेस्ड, एमपीथ्री म्हणजे लॉसी कम्प्रेस्ड.’ (कम्प्रेस्ड म्हणजे दाबलेली फाईल; लॉसलेसमध्ये काही हरवत नाही, लॉसीत हरवतं.) या तीन खणांपैकी पहिलाच मला मान्य नाही.

९६ किलोहर्ट्झ, २४ बिटचं (सेकंदाला ९६,००० नमुने, प्रत्येकी २४ बिट) स्टिरिओ मुद्रण घ्या. ९६,००० × २४ × २, म्हणजे सेकंदाला ४६०८ किलोबिट. तेच सीडीच्या मापात, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर आणलं की १४११.२ किलोबिट उरतात, मिनिटाला १,०५,८४,००० बाइट. जागा सव्वातीन पटींनी कमी झाली. २२ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं फिल्टरने कापलं, खालचे आठ बिट गेले, आणि या फाईलवरून मूळ मुद्रण कोणत्याही उपायाने परत मिळणार नाही. कापण्याचं समर्थन काय, तर ‘माणसाला २० किलोहर्ट्झच्या वर ऐकू येत नाही.’ एमपीथ्रीचं समर्थनही हेच असतं: जे ऐकू येत नाही ते काढलं.

आता तेच २४ बिटचं मुद्रण फ्लॅकमध्ये ठेवा. एक बिटही हरवत नाही, तरी त्याच्यावर ‘कम्प्रेस्ड’चा शिक्का. आणि जिथे दोन-तृतीयांशाहून जास्त माहिती कायमची गेली ती वेव्ह ‘अनकम्प्रेस्ड’! माझं म्हणणं असं की पीसीएम (वेव्हमध्ये असते ती नमुन्यांच्या आकड्यांची साधी मालिका) हेसुद्धा कम्प्रेशनच आहे, फक्त ते मुद्रणाच्या क्षणी किंवा मास्टरिंगमध्ये होतं आणि त्यामुळे नजरेआड राहतं.

षड्ज:
पूर्ण असहमत. तुम्ही तीन वेगळ्या क्रिया एका पोत्यात भरल्या आहेत.

आधी सॅम्पलिंग, म्हणजे तरंगाची ठरावीक अंतराने मापं (नमुने) घेणं. सिग्नलची बँडविड्थ (त्यातल्या वारंवारतांची व्याप्ती) सॅम्पलिंग रेटच्या निम्म्याच्या आत असेल, तर नमुन्यांवरून मूळ तरंग पूर्ण परत बांधता येतो. ‘जवळपास’ नाही, पूर्ण. दोन नमुन्यांच्या मध्ये काहीतरी सुटतं ही समजूत चुकीची आहे. त्या बँडमध्ये बसणारा आणि त्या सगळ्या नमुन्यांतून जाणारा तरंग एकच असतो. वरचं जे कापलं जातं ते फिल्टरचं काम आहे. मायक्रोफोनही वरचा भाग कापतो, टेपही कापते. त्यांना आपण कम्प्रेसर म्हणत नाही.

दुसरं क्वांटायझेशन, म्हणजे प्रत्येक नमुना ठरावीक पायऱ्यांवर बसवणं. १६ बिटला पूर्ण पातळीच्या साइन तरंगासाठी सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर ६.०२ × १६ + १.७६, म्हणजे सुमारे ९८ डेसिबल येतं. त्रिकोणी वाटपाचं, शिखर ते शिखर २ एलएसबी (एलएसबी म्हणजे सर्वांत खालचा बिट) रुंदीचं डिदर, म्हणजे मुद्दाम मिसळलेला बारीक गोंगाट, दिलं की सरासरी चूक आणि चुकीची शक्ती यांचा सिग्नलशी संबंध उरत नाही. मागे राहते स्थिर, बारीक सळसळ. डिदर न देता खालचे बिट नुसते छाटले तर मात्र गाणं विझत जाताना शेवटच्या सेकंदात खरखरीत विकृती येते, कारण तिथे चूक सिग्नलच्या मागे मागे चालते. ही चुकीच्या पद्धतीने केलेली बिट-कपात झाली, कम्प्रेशन नव्हे.

कम्प्रेशन यानंतर सुरू होतं. नमुन्यांची मालिका तयार आहे; तिच्यातली पुनरुक्ती शोधून (फ्लॅक) किंवा श्रवणाचं प्रारूप वापरून (एमपीथ्री) ती कमी बिटांत लिहायची. पीसीएमला असं काही करावं लागत नाही. फाईलमधला कुठलाही नमुना उचला, शेजारी न बघता त्याची किंमत वाचता येते. एमपीथ्रीत ११५२ नमुन्यांची चौकट उलगडल्याशिवाय एकही नमुना मिळत नाही, आणि बिट रिझर्व्हॉयरमुळे तिचा डेटा आधीच्या चौकटींच्या जागेतही पसरलेला असतो.

मूळप्रत:
‘शेजारी न बघता नमुना वाचता येतो’ ही तुमची कसोटी जी.७११ वर लावून पाहा. १९७२ चं टेलिफोनचं मानक. सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, ६४ किलोबिट. त्याचे दोन प्रकार: म्यू-लॉमध्ये १४ बिटचा नमुना आणि ए-लॉमध्ये १३ बिटचा नमुना ८ बिटांत बसवतात: हळू आवाजाला बारीक पायऱ्या, मोठ्याला जाड. प्रत्येक नमुना स्वतंत्र वाचता येतो, ना चौकट ना पुनरुक्तीचा शोध. तरी या क्रियेचं नावच कम्पॅंडिंग, म्हणजे आधी दाबणं आणि मग पसरणं. त्याला कम्प्रेशन म्हणणार की नाही?

आणि १९८७ चं डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप. त्याच्या लाँग प्ले मोडमध्ये ३२ किलोहर्ट्झला १२ बिटचं नॉनलिनिअर मुद्रण होतं. १२० मिनिटांच्या कॅसेटवर चार तास बसवायचे म्हणूनच. जागा वाचवण्यासाठी, कानाची सवय ओळखून, कायमची कपात. तिलाही सगळे पीसीएमच म्हणतात.

फेडर:
दोघांच्याही वादात मिक्सिंग टेबलवरचं कम्प्रेशन कुठेच नाही, आणि सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. ‘कम्प्रेस्ड गाणं ऐकायला थकवतं’ असं कोणी म्हणालं की समोरचा ३२० किलोबिटची फाईल सुचवतो. थकवा बिटरेटचा नसतो, डायनॅमिक रेंज (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर) चिरडल्याचा असतो. मराठीत आपण आवाजही दाबतो आणि फाईलही दाबतो, तिथूनच घोळ सुरू होतो.

कम्प्रेसर काय करतो ते आकड्यांत: थ्रेशोल्ड (जिथून दाबणं सुरू होतं ती पातळी) −२० डेसिबल, रेशो ४:१, आत आलेला सिग्नल −८. थ्रेशोल्डच्या वर १२ डेसिबल. त्याचे होतात ३. बाहेर −१७, म्हणजे ९ डेसिबलची घट. मग मेकअप गेनने सगळंच वर उचलायचं. अटॅक (दाबायला लागणारा वेळ) फार कमी ठेवला तर ड्रमच्या ठोक्याचं टोक बोथट होतं. रिलीज (सोडायला लागणारा वेळ) २० मिलिसेकंदांच्या आसपास नेऊन बेसवर लावला तर आणखी वाईट: ५० हर्ट्झच्या तरंगाचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं असतं, त्यामुळे गेन पातळीऐवजी तरंगाच्याच चढउतारामागे धावतो आणि आवाज फाटतो. यात वेव्ह फाईल एका बाइटनेही लहान होत नाही.

फ्लॅक मात्र मोठी होते. फ्लॅक आधीच्या नमुन्यांवरून पुढच्याचा अंदाज बांधतं आणि उरलेली चूक साठवतं. पातळी दर ६ डेसिबल वर गेली की फ्लॅकच्या अंदाजातली उरलेली चूक नमुन्यामागे साधारण १ बिटाने वाढते; ४४.१ किलोहर्ट्झ स्टिरिओत सेकंदाला ८८ किलोबिट. लिमिटरने (शिखरं एका मर्यादेवर अडवणाऱ्या कम्प्रेसरने) ठोकून भरलेलं गाणं फ्लॅकमध्ये जास्त जागा खातं ते म्हणूनच. एका अर्थाने कम्प्रेस केलेलं, दुसऱ्या अर्थाने कम्प्रेस व्हायला नाखूष. दोन्हींना एकच शब्द पुरेल असं कोणाला वाटत असेल तर हे उदाहरण समोर ठेवा.

आणखी एक. शिखरं बरोब्बर शून्यावर (डिजिटल पातळीच्या कमाल मर्यादेवर) टेकवलेलं मास्टर एमपीथ्रीत नेलं की एन्कोडिंगच्या गोंगाटाने शिखरं सरकतात आणि डीकोड करताना शून्याच्या वर जातात. १६ बिट आउटपुटला ती कापली जातात. बिटरेट जितका कमी तितकं हे जास्त. लिमिटरची कमाल मर्यादा ट्रू पीकवर (नमुन्यांच्या मधलंही धरून तरंगाच्या खऱ्या शिखरावर) −१ ठेवा. कमी बिटरेटला −२ सुरक्षित. ‘एमपीथ्री फाटते’ ही तक्रार बऱ्याचदा कोडेकची (फाईल दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीची) नसते, शेवटचा एक डेसिबल न सोडणाऱ्या मास्टरची असते.

षड्ज:
फेडर, डायनॅमिक्सचं कम्प्रेशन वेगळं, यावर वाद नाही.

मूळप्रत, जी.७११ चा मुद्दा मान्य. माझी कसोटी तिथे तुटते. मग ती अशी दुरुस्त करतो: पायऱ्या समान असतील तर ते साधं मोजमाप, पायऱ्यांचं वाटप सिग्नल किंवा कान पाहून बदललं तर कम्प्रेशन. या हिशोबाने डॅटचा लाँग प्ले कम्प्रेशनमध्ये गेला. निकॅमही (दूरचित्रवाणीच्या स्टिरिओ आवाजाची डिजिटल पद्धत) गेला, कारण तिथे ३२ नमुन्यांच्या गटाची सर्वांत मोठी पातळी पाहून १४ बिटचे १० केले जातात. पण सीडीचे १६ समान बिट अजूनही बाहेरच आहेत. सीडीचा ४४.१ हा आकडाही कुठल्या कोडेकच्या हिशोबातून आलेला नाही. पीसीएम व्हिडिओ टेपवर लिहायचं होतं: ओळीला ३ नमुने, फील्डला २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. ३ × २४५ × ६० = ४४,१००. पन्नास फील्डच्या पद्धतीत ३ × २९४ × ५०, तेही तेवढंच.

लॉसलेसचा दावा तपासायचा असेल तर चर्चेची गरजच नाही. फ्लॅकच्या हेडरमध्ये मूळ नमुन्यांचा एमडी५ (डेटावरून काढलेला ओळख-आकडा) असतो. तो नमुन्यांचा असतो, फाईलचा नाही, म्हणून टॅग किंवा मुखपृष्ठ बदललं तरी तो बदलत नाही. फ्लॅक प्रोग्रॅमचा टेस्ट पर्याय सगळं डीकोड करून हा आकडा जुळवतो. लेव्हल ० आणि लेव्हल ८ मध्ये फरक एन्कोड करायला लागणाऱ्या वेळाचा आणि आकारात थोड्या टक्क्यांचा; बाहेर येणारे नमुने तेच.

लॉसी फाईलसाठी नल टेस्ट करतात: दोन्ही ट्रॅक शेजारी, एकाची पोलॅरिटी उलटी, मग बेरीज; सारखं असेल ते एकमेकांना खोडतं, फरक उरतो. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, ट्रॅक नमुन्यागणिक जुळवलेले नसतात. लेम हा एमपीथ्री एन्कोडर सुरुवातीला ५७६ नमुन्यांचा उशीर घालतो आणि डीकोडर ५२९ चा. एकूण ११०५, म्हणजे २५ मिलिसेकंद. लेमच्या टॅगमधला हा आकडा डीकोडरने वाचून कापला नसेल तर बेरजेत जवळजवळ अख्खं गाणं शिल्लक राहतं आणि लोक ‘बघा किती हरवलं’ म्हणतात. दुसरी चूक जास्त खोल आहे. नीट जुळवल्यावर जो अवशेष उरतो तो स्वतंत्रपणे ऐकणं निरर्थक आहे, कारण मूळ आवाजाने तो झाकलेला असतो आणि झाकलेला राहावा अशीच त्याची रचना केलेली असते. त्यासाठी एबीएक्स (एक्स हा ए आहे की बी, हे नुसतं ऐकून ओळखण्याची चाचणी) करा: पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवून १६ फेऱ्या. १२ बरोबर आल्या तर नुसत्या अंदाजाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी.

स्पेक्ट्रम:
एमडी५ जुळला म्हणजे फ्लॅक करणाऱ्याने काही गमावलं नाही, एवढंच सिद्ध होतं. त्याच्या हातात आधी काय होतं हे त्यातून कळत नाही. १२८ किलोबिटची एमपीथ्री वेव्हमध्ये उघडून फ्लॅक केली तरी टेस्ट निर्दोष पार पडते.

मग लोक स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार वारंवारता दाखवणारं चित्र) काढतात आणि १६ किलोहर्ट्झवर सरळ कडा दिसली की ‘खोटी फ्लॅक’ म्हणून मोकळे होतात. हेही घाईचं आहे. एफएम स्टिरिओचा आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंतच असतो, कारण १९ वर पायलट टोन (स्टिरिओची खूण देणारा सूर) आहे. डॅटचा लाँग प्ले आणि निकॅम दोन्ही ३२ किलोहर्ट्झचे, म्हणून तिथेही १६ च्या आत कडा येणारच. कडेपेक्षा तिच्या खालचे खड्डे बघा. एमपीथ्रीत वरच्या पट्ट्यांमध्ये अधूनमधून चौकोनी, काळी भोकं दिसतात, एका चौकटीत आहेत आणि पुढच्यात नाहीत. नुसत्या फिल्टरमुळे तशी भोकं पडत नाहीत.

खोटे २४ बिट पकडणं त्यामानाने सोपं आहे. १६ बिटला खाली आठ शून्यं जोडली असतील तर फ्लॅक ती ‘वाया गेलेले बिट’ म्हणून ओळखतं आणि साठवतच नाही. फाईल १६ बिटवाल्या फ्लॅकएवढीच होते. खऱ्या २४ बिटात खालचे चार-पाच बिट कन्व्हर्टरच्या गोंगाटाचे असतात. गोंगाटाचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून खरी २४ बिट फ्लॅक जाडच राहते.

मूळप्रत:
स्पेक्ट्रमनी जे दाखवलं त्यातच माझा मुद्दा आहे. ‘लॉसलेस’ हा फाईलचा गुण नाही, दोन प्रतींमधलं नातं आहे. कशाच्या तुलनेत, हे सांगितल्याशिवाय तो शब्द अर्धवट. मग ‘अनकम्प्रेस्ड’लाही तोच नियम लावा.

षड्ज, समान पायऱ्यांची कसोटी डोळसपणे मांडली आहे, हे मानतो. पण ४६०८ वरून १४११ वर येताना जागा वाचते, माहिती परत येत नाही आणि निवड कानाच्या मर्यादेवरून केलेली असते. तिन्ही लक्षणं हजर असताना केवळ पद्धत साधी आहे म्हणून नाव नाकारायचं, हे मला पटत नाही.

षड्ज:
मग तुमच्या क्रियेला ‘कपात’ म्हणा. तो शब्द मोकळा आहे आणि अचूकही. आयएएसए या ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा टीसी-०३ दस्तऐवज तर आणखी पुढे जातो: श्रवणाच्या प्रारूपावर चालणाऱ्या लॉसी कोडेकलाच तो ‘डेटा रिडक्शन’ म्हणतो आणि त्याला कम्प्रेशन म्हणणं चूक ठरवतो. त्या वाटेने गेलं तर फ्लॅक हेच खरं कम्प्रेशन उरतं, कारण दाबलेलं परत उलगडतं. तुमची व्याख्या याच्या नेमकी उलट्या टोकाला आहे.

मूळप्रत:
रिडक्शन हा शब्द घ्यायला माझी हरकत नाही, पण मग तो ९६ वरून ४४.१ वर आणलेल्या वेव्हवरही लिहिला गेला पाहिजे. आज तिच्यावर काहीच लिहिलेलं नसतं.

फेडर:
लिहिण्याची सोय आहे. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये आणलेल्या ब्रॉडकास्ट वेव्हमध्ये ‘बेक्स्ट’ नावाचा भाग असतो आणि त्यात ‘कोडिंग हिस्टरी’चं मजकुराचं क्षेत्र. प्रत्येक टप्प्याला एक ओळ: ‘ए’ पुढे पद्धत (अ‍ॅनलॉग, पीसीएम, एमपेग), ‘एफ’ पुढे सॅम्पलिंग रेट, ‘बी’ पुढे बिटरेट, ‘डब्ल्यू’ पुढे बिटसंख्या, ‘एम’ पुढे मोनो-स्टिरिओ, ‘टी’ पुढे यंत्राचं नाव आणि टीप. ९६/२४ ची ओळ, तिच्याखाली ४४.१/१६ ची ओळ आणि डिदर कुठलं दिलं ते ‘टी’मध्ये. नाव काहीही द्या, काय झालं ते तिथे वाचता येतं.

एक काळजी घ्या. अशी वेव्ह फ्लॅकमध्ये नेताना ‘परकी मेटाडेटा राखा’ हा पर्याय एन्कोड करताना द्यावा लागतो आणि परत वेव्ह करतानाही द्यावा लागतो. दोन्हींपैकी एकदा विसरलं की बेक्स्ट गळून पडतो. नमुने सगळे शाबूत, एमडी५ जुळलेला, आणि फाईलचा इतिहास मात्र पुसला गेलेला.