साडू प्रत्येक डावात रेज मारतो; मोठे पत्ते आले की खेळायचं कसं?

रामबागवाला
इंदूरला शनिवारी रात्री आमची सात जणांची बैठक असते. नो-लिमिट होल्डेम (पोकरचा प्रकार: हातात दोन पत्ते, टेबलावर पाच सगळ्यांचे), पैसे नाहीत, नुसत्या चिप्स. ज्याच्या आधी संपतील त्याने सगळ्यांना सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, न्यायचं. थंडीत गराडू (तळलेला कंद), मग रबडी, म्हणजे हरणं स्वस्तात पडत नाही. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी टाकायच्या सक्तीच्या चिप्स) ५-१०, प्रत्येकाकडे १०००.

अडचण साडूची. माणूस तीन पत्तीत वाढलेला. दिवाळीत ब्लाइंड चाली मारमारून सगळ्यांना पॅक करायला लावतो आणि पोकरही तसंच खेळतो. दहातल्या सहा-सात डावांत शिरतो, शिरला की रेज, म्हणजे बोली वाढवणं.

गेल्या शनिवारी मला पहिल्याच जागेवर, म्हणजे सगळ्यांत आधी बोलायचं तिथे, दोन एक्के. ३० केले. चौघे आले, साडू त्यातच. फ्लॉप (टेबलावर उघडलेले पहिले तीन पत्ते): बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, किलवर छक्की. मी १०० टाकले, त्याने ३०० केले. म्हटलं, नेहमीची हूल. सगळ्या चिप्स लोटल्या. त्याने हातातला चहाचा कपसुद्धा खाली न ठेवता कॉल केलं, म्हणजे तेवढ्याच चिप्स टाकल्या, आणि उलटले सत्ती-पंजी. पाचपासून नऊपर्यंत सिक्वेन्स! घरी आल्यावर बायकोने ऐकवलं ते वेगळंच.

एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते, आमचे रात्रीत जेमतेम शंभर डाव होतात. आली की अशी वाया जाते. काय करावं?

गणिताच्या_बाई
चूक फ्लॉपवर नाही, त्या ३० वर झाली. समोर एकच माणूस कुठलेही दोन पत्ते घेऊन बसला असेल तर एक्के ८५ टक्के वेळा जिंकतात. चौघे असले तर ५६. पाच जणांत ५६ म्हणजे तसं वाईट नाही, पण चौघांपैकी कोणाला काय लागलंय ते कळत नाही आणि कळून घ्यायची किंमत आपण भरतो. तुमच्याकडे ३० ला सगळे येतात ना? मग ६० करा. ६० लाही आले तर ८०. हा आकडा तुमच्या टेबलाला विचारायचा.

जुना_इंदूरकर
भिया, आधी जागा बदल. साडूच्या डाव्या हाताला बस. तो आधी बोलेल, तू नंतर. त्याने ४० केले की तू १४० कर. बाकीचे बहुतेक वेळा पळतात आणि तुम्ही दोघेच उरता. पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) ३०० च्या आसपास, हातात प्रत्येकी ८६०, म्हणजे तिपटीच्याही आत. तिथे एका जोडीवर सगळं लोटलं तरी झोप लागते. तुझ्या त्या डावात पॉट होता १५५ आणि मागे ९७०. सहापट! एवढ्या लांबच्या प्रवासाला एकटी जोडी पुरत नाही.

रामबागवाला
काका, पण मी पहिल्या जागेवर होतो. तिथे नुसते १० टाकून थांबू? तो रेज मारेलच, मग परत रेज.

जुना_इंदूरकर
मारेलच अशी खात्री असेल तर कर. पण नेमका त्या डावात त्यानेही नुसता कॉल केला, तर १० चिप्समध्ये अख्खी पंगत फ्लॉपला बसली आणि तू एक्के घेऊन वाढपी. शिवाय दोनदा केलंस की साडूसुद्धा शिकतो.

किलवर_दुर्री
फ्लॉपनंतरचं कोणी बोलत नाहीये. बादशहा, सत्ती, दुर्री असा तीन रंगांचा कोरा फ्लॉप असेल तर एक्के असतानाही रेज मारू नका. तुम्ही रेज मारलीत की तो कचरा टाकून देणार, राहणार ते तुम्हाला हरवणारेच पत्ते. त्याला हूल देऊ द्या, तुम्ही कॉल करत राहा. नव्वी-अठ्ठी-छक्कीवर मात्र फुकट पत्ता दाखवायचा नाही, तिथे तुमचे १०० बरोबरच होते.

पण एक सांगा. तो आपणहून बेट मारतो ते वेगळं. तुमच्या बेटवर, अजून तिघं डावात असताना त्याने रेज मारली. असं यापूर्वी केलं तेव्हा काय दाखवलं होतं?

रामबागवाला
आठवून बघितलं. तीन वेळा आठवतंय. तिन्ही वेळा दोन जोड्या किंवा वरचंच काहीतरी. च्यायला.

गणिताच्या_बाई
घ्या! एक्का-बादशहाचं राहिलं. तोही साडूसमोर परत रेजचाच हात आहे, पण तीनपैकी जवळजवळ दोन फ्लॉप कोरे जातात. एकदा बेट मारून बघा, चिकटून बसू नका. गुलामांच्या जोडीवरही फार जीव लावू नका, ५७ टक्के फ्लॉपवर राणी, बादशहा किंवा एक्का येतो.

संपादक
वरचा एक प्रतिसाद उडवला आहे. पैसे लावून खेळायच्या अॅपच्या लिंका इथे नकोत. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर असे ऑनलाइन खेळ चालवण्यावर देशभर बंदी आहे.

रामबागवाला
कालचा वृत्तांत. "इथे पंखा लागतो" म्हणून साडूच्या डावीकडे जाऊन बसलो. डिसेंबरात. बायको बघत राहिली.

एक्के आलेच नाहीत, राण्यांची जोडी आली. त्याने ४०, मी १४०, बाकी सगळे पळाले, त्याने कॉल. फ्लॉप गुलाम, चव्वी, तिर्री, तीन रंग. त्याने १५० मारले, मी कॉल. दश्शी आली, त्याने ३००. हात थरथरत होता, पण कॉल. शेवटी अठ्ठी. त्याने उरलेले ४१० लोटले. दुर्रीभाऊंचं आठवून डोळे मिटून कॉल केलं.

एक्का-पंजी. दुर्रीची वाट बघत होता!

गराडू साडूने खिलवले, वर स्वतःच दोन प्लेटी खाल्ल्या. पुढच्या शनिवारी म्हणे जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या.

किलवर_दुर्री
मी आलो नाही म्हणून वाचलात.