गणपतीच्या कारखान्यावर पाच मिनिटांचा माहितीपट: साडेतीन तासांचे चित्रीकरण झाले, पण गोष्ट सापडत नाही

पेणचा भाचा

नमस्कार. माझ्या मामांचा पेणजवळ गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. त्यावर पाच मिनिटांचा माहितीपट करावा, असे या वर्षी मनावर घेतले. अनुभव शून्य. लागोपाठच्या दोन रविवारी मोबाइलवर सुमारे साडेतीन तासांचे चित्रीकरण केले आणि एका मोफत ॲपवर ते जोडून अकरा मिनिटांची चित्रफीत केली. शाडूची माती मळण्यापासून साचा, जोडकाम, पॉलिश पेपरने घासणे, पांढरा रंग, मग इतर रंगकाम आणि शेवटी डोळ्यांची आखणी असे सगळे काही तीत क्रमाने आले आहे. तरीही घरी दाखवली तेव्हा तिसऱ्या मिनिटापासूनच आई सोडून सगळ्यांचे लक्ष उडाले.

दोष मलाही दिसतात. ट्यूबलाइटखालच्या दृश्यांत काळपट पट्टे सरकताना दिसतात, एकाच दृश्यात मातीचा रंग मध्येच पिवळट तर मध्येच निळसर होतो आणि मामांचे बोलणे पंख्याच्या व रंगाच्या कॉम्प्रेसरच्या आवाजात बुडून जाते. आखणीचा भाग तर जेमतेम मिनिटभरच मिळाला, कारण कारागीर बाकी सगळे करत असले तरी प्रत्येक मूर्तीचे डोळे मामा स्वतःच आखतात, तेही पहाटे, आणि त्या वेळी कुणालाही बोलू देत नाहीत. हाताशी दहा हजार रुपये आहेत आणि तीन आठवडे आहेत. जुना कॅमेरा विकत घ्यावा की आधी दुसरे काही शिकावे?

संकलनाचे टेबल

कॅमेऱ्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. आपल्या संपूर्ण प्रश्नातले सर्वांत मोलाचे वाक्य आपण तक्रार म्हणून लिहून मोकळे झाला आहात. मूर्ती कशी घडते हे पेणच्या बाहेरच्या माणसानेही दर ऑगस्टमध्ये दूरदर्शनवर आणि मोबाइलवर अनेकदा पाहिलेले असते. पण सगळा कारखाना कारागिरांवर सोपवणारा माणूस डोळे मात्र दुसऱ्या कुणाला आखू देत नाही आणि पहाटेच्या शांततेतच आखतो, हे फक्त आपल्या मामांकडेच आहे. तीच आपली गोष्ट. आपण क्रमाने दाखवली ती कृती आहे, आणि पाहणाऱ्याच्या मनात ‘आता काय होईल’ हा प्रश्न कृतीतून क्वचितच उभा राहतो.

म्हणून आरंभी बिनडोळ्यांच्या मूर्तींची रांग दाखवा. पांढऱ्या, रंगवलेल्या, सजवलेल्या, पण डोळ्यांच्या जागी कोऱ्या. प्रेक्षक आपोआप वाट पाहू लागतो. मग माती, साचा आणि रंगकाम मिळून दीड मिनिटात आटोपले तरी चालेल, कारण आता त्या प्रत्येक दृश्याला कुठेतरी पोहोचायचे आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट (फ्रेम) टिपत चित्रित केली आणि ती दाखवून आपल्या पहिल्या चित्रपटासाठी भांडवल उभे केले. त्या चित्रफितीत ना नट होते ना संवाद, पण बी रुजून रोप वर येताना दिसत होते आणि पाहणाऱ्याला तेवढे पुरले.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. नवशिक्या माणूस एका जागी उभा राहून सलग चार मिनिटे चित्रीकरण करतो आणि अधूनमधून झूम करतो. संकलनाच्या वेळी त्यातून कापायला काही उरत नाही. त्याऐवजी एका कामाचे पाच वेगवेगळे शॉट घ्या: फक्त हात, फक्त चेहरा, हात आणि चेहरा दोन्ही येतील असा मध्यम अंतराचा, मामांच्या खांद्यामागून त्यांना जे दिसते ते दाखवणारा, आणि एखादा अनपेक्षित जागेवरचा, उदाहरणार्थ मूर्तींच्या रांगेतून पलीकडे बसलेल्या मामांकडे पाहणारा. प्रत्येक शॉट हात न हलवता दहा सेकंद धरा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, कारण उत्साहाच्या भरात आपले दहा सेकंद चारच भरतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

चेहऱ्याचा शॉट वगळू नका. लेव कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच दृश्य कधी सुपाच्या भांड्याला, कधी शवपेटीला जोडून दाखवले, आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात कधी भूक तर कधी शोक दिसला, असे सांगतात. मामांचा चेहरा आणि त्यानंतर मूर्तीची कोरी डोळ्याची खोबण, एवढी दोन दृश्ये शेजारी आली की निवेदनाच्या तीन वाक्यांची गरज उरत नाही.

खोलीतली शांतता

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण घरचे प्रेक्षक कंटाळण्याचे खरे कारण मला आवाजात दिसते. थोडे डळमळीत दृश्य माणूस सहन करतो; न कळणारे बोलणे तो अर्ध्या मिनिटाच्या वर सहन करत नाही. ध्वनिमुद्रक म्हणून मी पक्षपाती आहे, हे मान्य.

मोबाइलचा माइक मामांपासून दोन मीटरवर असेल आणि पंखा डोक्यावर असेल, तर नंतर ॲपने ते बोलणे पूर्ण स्वच्छ होईलच असे नाही. उघड्या जागेत अंतर निम्मे केले की थेट आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते, म्हणून माइक तोंडाजवळ नेणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. कॉलरला लावायचा तारेचा साधा माइक हजार रुपयांच्या आत मिळतो. तोही नको असेल तर दुसरा मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून त्यावर ध्वनिमुद्रण सुरू करा आणि माइकची बाजू वर ठेवून तो मामांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात सरकवा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. संकलन करताना टाळीचे दृश्य आणि टाळीचा आवाज जुळवला की दोन्ही मुद्रणे एकत्र बसतात.

मुलाखत मात्र कामाच्या वेळी घेऊ नका. दुपारी जेवणानंतर कॉम्प्रेसर आणि पंखा बंद असताना मामांना बसवा आणि उत्तरातच प्रश्न येईल असे बोलायची विनंती करा, म्हणजे आपला आवाज कापून टाकता येतो. ‘हो, तसंच आहे’ या उत्तराचा काहीही उपयोग नसतो. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न विचारू नका, तीन-चार सेकंद गप्प राहा. वडीलधारी माणसे खरे ते बहुधा त्या रिकाम्या जागेत बोलतात. आणि उठण्यापूर्वी कुणीही न बोलता त्या खोलीची नुसती शांतता पूर्ण एक मिनिट मुद्रित करा. दोन वाक्ये जोडताना मधल्या फटीत तीच भरावी लागते, नाहीतर प्रत्येक सांध्यावर आवाज तुटल्यासारखा वाटतो.

घासकामाचा, ओल्या मातीवर थापटण्याचा, ब्रश पाण्यात खळबळण्याचा आवाजही अगदी जवळून वेगळा घ्या. आणि कृपया त्यावर तयार पार्श्वसंगीत ओतू नका.

उत्तरेची खिडकी

उरलेल्या दोन दोषांविषयी. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. बहुतेक मोबाइल मात्र सेकंदाला ३० चौकटींवर चित्रीकरण करतात, आणि शटरचा वेग (प्रत्येक चौकट किती वेळ उजेड घेते ते) त्या लयीशी जुळला नाही की पट्टे दिसू लागतात. ज्या ॲपमध्ये सेटिंग हाताने ठरवता येतात त्यात सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० सेकंद ठेवा. उजेड जास्त असेल तर १/१००. पट्टे जातील. काही स्वस्त एलईडी दिव्यांचे लुकलुकणे यानेही जात नाही, तेव्हा तो दिवा सरळ मालवावा.

रंग बदलतो, कारण मोबाइल प्रकाशाचा पांढरा संतुलनबिंदू (व्हाइट बॅलन्स) सतत नव्याने ठरवत असतो. तोही प्रत्येक शॉटआधी कुलूपबंद करा आणि त्याबरोबर फोकस व एक्स्पोजरही (चित्रात किती उजेड घ्यायचा ते). खिडकीचा दिवसाचा उजेड आणि पिवळा दिवा एकाच दृश्यात मिसळू देऊ नका. मामांना खिडकीच्या काटकोनात बसवा, म्हणजे प्रकाश एका बाजूने येईल आणि मूर्तीच्या सोंडेला, पोटाला गोलाई येईल. खिडकी त्यांच्या पाठीशी आली तर फक्त काळी आकृती उरेल.

मामा आणि मूर्ती यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरा आणि सगळे शॉट तिच्या एकाच बाजूने घ्या. रेषा ओलांडली की एका दृश्यात मामा उजवीकडे पाहत असतात, पुढच्या दृश्यात डावीकडे, आणि प्रेक्षक क्षणभर चाचपडतो.

एका बाबतीत मात्र पहिल्या प्रतिसादाशी माझा मतभेद आहे. प्रत्येक शॉट स्थिरच हवा असे नाही. आखणी स्थिर असू द्या, पण भरलेल्या कारखान्यात मूर्तींमधून वाट काढत चालतानाचा एखादा शॉट कॅमेरा दोन्ही हातांत, कोपरे बरगड्यांना टेकवून घ्यावा. त्या अडचणीच्या जागेचा अंदाज स्थिर दृश्यातून येत नाही.

पेणचा भाचा

सर्वांचे मनापासून आभार. कॅमेऱ्याचा बेत रद्द केला. कॉलरचा माइक आणि लहान ट्रायपॉड एवढेच घेतो. मामांशी बोललो, पहाटे साडेचारला यायची परवानगी मिळाली आहे, अट एकच की मी कोपऱ्यातून हलायचे नाही. मग पाच शॉट कसे घ्यायचे? आणि मोबाइल आडवा धरावा की उभा?

संकलनाचे टेबल

पाच शॉट पाच पहाटांना घ्या. रोज एकच कोपरा ठरवून आधीच जाऊन बसा. मूर्ती रोज वेगळी असली तरी आकार आणि रंगसंगती सारखी निवडली, मामांचा सदरा तोच ठेवला आणि दिवा हलवला नाही, तर प्रेक्षकाच्या लेखी ती एकच पहाट होते. त्याआधी एका पहाटे कॅमेरा नेऊच नका, नुसते पाहा: ब्रश कोणत्या हातात आहे, डावा डोळा आधी की उजवा, श्वास कधी रोखतात. दुसऱ्या दिवशी कुठे बसायचे हे आपोआप ठरेल. मोबाइल आडवा धरा. आणि बुबुळाचा ठिपका ठेवला जातो तो शॉट शेवटच्या पहाटेसाठी राखा, तोवर मामांना आपल्या तिथे असण्याची सवय झालेली असेल.

खोलीतली शांतता

त्या पहाटेही एक मिनिट नुसता आवाज घ्या. ब्रशचा आवाज ऐकू येणार नाही, पण मामांच्या श्वासाचा येईल.