जुनी स्विफ्ट: डीलरकडून सर्टिफाइड (तपासून वॉरंटीसह) ५.४० लाख, मालकाकडून ४.८५. वरचे ५५ हजार कशाचे?

पहिलीच_गाडी: २०१९ ची व्हीएक्सआय पेट्रोल, ५५ हजार किमी, फर्स्ट ओनर, एमएच-१२ पासिंग. सर्टिफाइडला वर्षाची वॉरंटी आणि तीन सर्व्हिस फ्री. तशीच दुसरी गाडी थेट मालकाकडे आहे. जास्तीचे पैसे वसूल होतात का?

पाना_नंबर_दहा: मालकाच्या गाडीवर लगेच किती लागतील ते आधी मांडा. चार टायर साधारण १८ हजार, बॅटरी ५, ऑइल-फिल्टर-कूलंटसकट सर्व्हिस ५, पुढचे ब्रेक पॅड अडीच. सगळंच बदललं तरी तिसेक हजार. टायरवर डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे बघा, तो टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, म्हणजे गाडीबरोबर आलेलेच टायर. नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक झालेलं असतं. सर्टिफाइड गाडीचेही बघा, तिथे बहुधा नक्षी बघूनच ‘पास’ करतात.

मीटर_डाऊन: ५५ हजारांत जीएसटीही आहे. डीलरच्या मार्जिनवर (खरेदी-विक्रीतल्या फरकावर) १८ टक्के, म्हणजे ६० हजार मार्जिनवर १०,८००. दोन खासगी माणसांच्या व्यवहारात तो लागत नाही.

वॉरंटीचं पुस्तक मागून वाचा. सहसा इंजिन-गिअरबॉक्स आत. क्लच प्लेट, ब्रेक, सस्पेन्शनचे बुश बाहेर. आणि शहरात चाललेल्या गाडीला या किमीनंतर खर्च काढतो तो क्लचच! हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट ठीक, चालूच राहिलं तर घसरतेय. फ्री सर्व्हिसमध्ये मजुरी फ्री, ऑइल-फिल्टरचे पैसे द्यावे लागतात.

किमीचा मीटर मागे केलाय का, ते अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत कळतं. दर सर्व्हिसचं किमी लिहिलेलं असतं. ती नोंद स्वच्छ असेल तर मालकाचीच घ्या.

फॉर्म_२९: मालकाकडून घेताना गाडी नावावर करायला आरटीओच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. विम्यातला एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मालकासोबत जातो, पॉलिसी नावावर करताना तो फरक तुम्हाला भरावा लागेल. भाव करताना धरा. थकलेली ई-चलनं आधी त्याला भरायला लावा.

पहिलीच_गाडी: बोजा आहे. मालकाचं लोन अजून चालू आहे.

फॉर्म_२९: मग बँकेचं फोरक्लोजर लेटर (लोन पूर्ण फेडायला किती लागतील ते पत्र) मागा आणि त्यावरची रक्कम थेट त्याच्या लोन खात्यात भरा, त्याच्या हातात नको. उरलेले पैसे एनओसी आणि सह्या झालेले फॉर्म हातात आल्यावर.