३६ कार्यकर्त्यांचं दोन दिवसांचं मुक्कामी शिबिर, नागपूरपासून दीड तासाच्या आत: कसं आखावं?

रविवारगट

नमस्कार मंडळी. आमचं युवक मंडळ दर रविवारी १२ ते १७ वयाच्या मुलामुलींसोबत खेळ, वाचन आणि श्रमदान करतं. मुलांची शिबिरं आम्ही घेतो. या वेळी मात्र फक्त मोठ्या कार्यकर्त्यांसाठी शनिवार-रविवार मुक्कामी शिबिर घ्यायचं ठरलंय आणि त्याचं संयोजन मी करते आहे. एकूण ३६ जण, त्यांत १६ महिला, वयं २१ ते ५०. निम्मे नोकरी करणारे, काही शिक्षक, काही दुकानदार.

दोन गोष्टी शिबिरातच व्हायला हव्यात: पुढच्या वर्षाचं वेळापत्रक ठरावं, आणि एखाद्या मुलाने घरातली गंभीर गोष्ट सांगितली तर काय करायचं याची सगळ्यांची नीट तयारी व्हावी. बाकी वेळ माणसांना एकमेकांशी निवांत बोलता यावं, एवढंच. पैसा बेताचा आहे, वर्गणीतूनच उभा करायचा आहे. तारीख, जागा, जेवण, सत्रं, जे ज्याला माहीत असेल ते सविस्तर सांगा.

बिछायत_ते_बस

ताई, पहिले तारीख पक्की करा, जागा मागाहून. जानेवारीतला दुसरा शनिवार घ्या. बँकेला सुट्टी असते, सरकारी कार्यालयांना तर दर शनिवारी असते, आणि तो शनिवार ८ ते १४ तारखेच्या मध्येच येते. म्हणजे धनुर्मास चालू असते, लग्नं जवळजवळ नसतातच. आचारी, बस, गाद्या, मंगल कार्यालय, सगळं मोकळं असते आणि भावही खाली बसते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनामुळे गाड्या आणि खोल्या मिळत नाहीत. संक्रांत झाली की लग्नाच्या तिथी सुरू, मग हाच आचारी तुमचा फोन उचलत नाही. एप्रिल-मे तर नावच काढू नका.

जागेसाठी दोन दिशा सोयीच्या. एक रामटेक, पन्नासेक किलोमीटर, कामठी-कन्हान-मनसरवरून सव्वा तास. दुसरी सेवाग्राम-पवनार, पंचाहत्तरेक किलोमीटर, रेल्वेनेही जाता येते. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले, तिथे आश्रमात आजही सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते. शांतता पाहिजे असेल तर ती जागा उत्तम, पण तिथली शिस्त पाळायची सगळ्यांची तयारी पाहिजे. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या दारात शिबिर नका घेऊ. अर्धे लोक सफारीचं विचारत राहतात, अंधार पडल्यावर बाहेर फिरता येत नाही, आणि खर्चही वाढते.

जागा फोनवर ठरवू नका, जाऊन पाहा. टेप घेऊन जा. ३६ माणसं गोल बसवायची तर माणशी दोन फूट धरले तरी परीघ ७२ फूट होते, म्हणजे २३ फुटांचा गोल. हॉल २५ बाय २५ च्या खाली असला की लोक दोन रांगांत बसतात, आणि मागची रांग बोलत नाही.

मग पाण्याची टाकी पाहा. शिबिरं बिघडतात ती इथेच. आंघोळीला माणशी ३० लिटर म्हटलं तर ३६ जणांना १०८० लिटर, तेही तासाभरात. हजार लिटरच्या टाकीत संडासाला पाणी उरत नाही. दोन हजाराची टाकी पाहिजे आणि ती रात्रीच भरून ठेवायची. मोटर शेतीच्या लाईनवर आहे काय ते आवर्जून विचारा. तिथे थ्री-फेज वीज पाळीने येते, सकाळी सहाला आलीच पाहिजे असं नाही. संडास निदान चार: दोन महिलांकडे, दोन पुरुषांकडे. चारच असले तर सकाळी दोन तुकड्या करा. एक फिरायला, एक आंघोळीला, मग अदलाबदल. गरम पाण्याला घरचा बंब पुरत नाही. २०० लिटरचा पत्र्याचा ड्रम चुलीवर चढवा आणि पाच वाजता पेटवायला एक माणूस ठेवा.

बिछायतवाल्याकडून ३८ गाद्या आणि ३८ रजाया घ्या. ब्लँकेटवर भागवू नका, तेव्हा रात्री पारा दहाच्या खाली उतरू शकते. उशी आणि चादर ज्याची त्याने आणावी. गाद्या आल्या की उन्हात टाकून झटकून घ्या.

गाडीला एसटीचा प्रासंगिक करारही (म्हणजे अख्खी एसटी भाड्याने) विचारून पाहा आणि खाजगी बसशी ताडून घ्या. दोन छोट्या गाड्यांपेक्षा एक मोठी बस बरी. अर्ध्या गप्पा बसमध्येच होतात, आणि एक गाडी मागे राहिली म्हणून सत्र थांबत नाही. रामटेककडे जायचं तर व्हरायटी चौक आणि ऑटोमोटिव्ह चौक हे दोनच थांबे ठेवा. प्रत्येक जास्तीचा थांबा पंधरा मिनिटं खाते.

वर्गणी काढताना एकूण खर्चाला ३६ ने नाही, ३२ ने भागा. ऐनवेळी तिघं-चौघं गळतातच, आणि बस, जागा, गाद्या यांचे पैसे कमी होत नाहीत.

चुलीपाशी

जेवणाचं मी सांगते. ३६ अधिक आचारी, मदतनीस, ड्रायव्हर धरून ४० चा हिशेब करा. आचाऱ्याला "चाळीस माणसं" एवढंच सांगितलं तर तो लग्नाच्या हाताने साठांचं रांधतो. शिधा तुम्हीच मोजून द्या.

शनिवारी पोचल्यावर तर्री पोहे, म्हणजे पोह्यांवर तिखट पातळ रस्सा: जाडे पोहे सव्वातीन किलो, तर्रीला काळे चणे सव्वा किलो, आदल्या रात्री भिजवलेले. चणे भिजवायचं राहिलं तर सकाळी ते शिजत नाहीत आणि नाश्ता तासभर लांबतो. म्हणून ते नागपुरातूनच भिजवून न्या. तिखट मध्यम ठेवा आणि तर्री वेगळी वाढा, ज्याला वरून घ्यायची तो घेईल.

दुपारी साधं वरण-भात, पोळ्या, वांगी-बटाट्याची भाजी, मुळ्याची कोशिंबीर. तांदूळ साडेतीन किलो, तूरडाळ दोन, कणीक पाच, वांगी चार, बटाटे दोन. दुपारी पाटोडी रस्सा किंवा गोड ठेवायचा मोह आवरा. तेलकट जेवल्यावर तीन वाजताचं सत्र पेंगत जातं.

रात्री पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा, थोडा भात. बेसन पावणेदोन किलो, ज्वारीचं पीठ सहा किलो, त्यात ७५ ते ८० भाकरी होतात. एवढ्या भाकरी एकट्या बाईला थापायला लावू नका, अडीच-तीन तास जातात आणि पहिल्या भाकरी वातड होतात. गावातल्या बचत गटाला पीठ नेऊन द्या, मजुरी ठरवा आणि साडेसातला गरम भाकरी पोचवायला सांगा. रविवारी सकाळी उपमा, रवा अडीच किलो. निघण्याआधी मसालेभात आणि कढी: तांदूळ पाच किलो, दही अडीच लिटर, भाज्या मिळून चार किलो. भांडी कमी लागतात आणि आवरणंही लवकर होतं.

चहाच्या एका फेरीला, ८० मिलीचे ४० कप धरून, दूध दोन लिटर, पाणी दीड लिटर, साखर ४०० ग्रॅम, चहा पत्ती साठ-सत्तर ग्रॅम. अशा चार फेऱ्या. रविवारचं दूध गावातूनच घ्या. बिनसाखरेचा चहा वेगळ्या पातेल्यात करा. हिवाळ्यात संत्री स्वस्त असतात, एक पेटी नेलीत की चार वाजताच्या खाण्याचा प्रश्न मिटतो.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर, म्हणजे दिवसाला २० लिटरचे आठ कॅन. गॅस १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या. घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरणं नियमात बसत नाही. भट्टी, नळी आणि रेग्युलेटर एकाच ठिकाणाहून, लावून पाहून घ्या. रानात पोचल्यावर रेग्युलेटर बसला नाही तर तिथे दुकान नसतं.

पाटीवरचा_खडू

वरच्या दोघांनी व्यवस्थेचं छान सांगितलं आहे, मी सत्रांबद्दल लिहितो. मोठ्यांच्या शिबिरात हमखास होणारी चूक म्हणजे मुलांच्या शिबिराचं वेळापत्रक उचलून लावणं. पहाटे साडेपाचपासून रात्री दहापर्यंत शिट्टी. ही माणसं आठवडाभर नोकरी करून येतात, वर्षभर रविवार देतात. दोन दिवसांत तीन सत्रं पुरे. आणि जे कार्यकर्ते म्हणून आले आहेत त्यांना वाढपी, हिशेबनीस, माइकवाला करू नका. व्यवस्थेला बाहेरची तीन माणसं ठेवा, मानधन देऊन. तो पैसा वाया जात नाही.

सुरुवातीला ३६ जणांचा परिचय प्रत्येकी तीन मिनिटं म्हटला तर १०८ मिनिटं जातात आणि सकाळ संपते. सहा-सहांचे सहा गट करा. परिचय गटातच, वीस मिनिटांत. पहिलं सत्र मागच्या वर्षावर: प्रत्येकाने तीन चिठ्ठ्या लिहायच्या. काय चालू ठेवावं, काय थांबवावं, काय नवं करावं. चिठ्ठीवर नाव नको. भिंतीवर चिकटवून गटांनी वाचायच्या. "थांबवावं" हा रकाना रिकामा राहिला तर समजा, लोक अजून मोकळे झालेले नाहीत. घाई न करता आणखी दहा मिनिटं द्या.

दुसरं सत्र मुलांच्या सुरक्षिततेचं. ते शनिवारी दुपारी विश्रांतीनंतर, साडेतीन ते पाच घ्या. रात्री घेऊ नका, जड विषय घेऊन माणसं झोपायला जातात. तिघांचे गट: एक मूल होतो, एक ताई किंवा दादा, एक निरीक्षक. मूल म्हणतं, "ताई, एक सांगू? पण तू कोणाला सांगणार नाहीस ना?" बहुतेकांच्या तोंडून पटकन निघतं, "नाही रे, सांग." तिथेच थांबवा. ते वचन देता येत नाही. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी शंका आली, तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ नुसार गुन्हा आहे. सद्भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षणही आहे. मग वाक्य काय असावं? "तू सांगतोयस हे चांगलं करतोयस. तुला सुरक्षित ठेवायला गरज पडली तर मला एक-दोन मोठ्या माणसांना सांगावं लागेल, पण ते तुला सांगूनच करीन." हे वाक्य प्रत्येकाने मोठ्याने म्हणून पाहावं. वाचून ते जिभेवर येत नाही.

पुढे: खोदून विचारायचं नाही. "का गेलास?" तर मुळीच नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह त्याच दिवशी लिहून ठेवायचे. संशयित माणसाला आपण जाऊन जाब विचारायचा नाही. मंडळात कोणाला कळवायचं, त्या दोन व्यक्ती शिबिरातच ठरवा, त्यांत एक महिला असावी. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये तिथेच साठवून घ्या.

आणखी एक. ३६ मोठ्या माणसांत कोणाच्या तरी स्वतःच्या लहानपणी असं घडलेलं असू शकतं. सत्राआधी विषय स्पष्ट सांगा, उठून जायची मुभा द्या, आणि समुपदेशनाचं काम जाणणारी एक व्यक्ती दिवसभर तिथे असू द्या. सत्र झाल्यावर लगेच चहा आणि अर्धा तास मोकळा.

तिसरं सत्र रविवारी सकाळी, वर्षाचं वेळापत्रक. बारा महिन्यांचे बारा मोठे कागद भिंतीवर लावा. आधी आपल्या हातात नसलेलं चिकटवा: परीक्षा, पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा-मारबत, गणपती, दसरा आणि दीक्षाभूमीची गर्दी, दिवाळी. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत ११ ते ४ बाहेरचा कार्यक्रम नाही, हेही लाल शाईने लिहा. उरलेल्या जागेत आपले उपक्रम बसवा आणि दोन महिने मुद्दाम हलके सोडा. शेवटी पाचच निर्णय, एका पानावर तीन रकाने: काम, कोण, कधीपर्यंत. "सगळे मिळून" हे "कोण" या रकान्यात चालत नाही.

रविवारगट

मनापासून आभार, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. रामटेककडेच कल आहे. अजून तीन शंका: रात्री शेकोटी हवी आहे, रविवारी पहाटे गडावर जायचं म्हणतात, आणि दोन कार्यकर्त्यांची मुलं चार-पाच वर्षांची आहेत, त्यांना सोबत आणल्याशिवाय आया येऊ शकत नाहीत.

बिछायत_ते_बस

मुलांना आणू द्या, ताई. नाही म्हटलं तर बायाच गळतात, बाप्यांना कोणी हे विचारत नाही. फक्त सत्राच्या वेळी मुलं सांभाळायला एक ओळखीची बाई ठेवा, मानधन एकूण खर्चात धरा, आणि त्या दोघींना संडासाजवळची खोली द्या.

शेकोटीला २५-३० किलो लाकूड दीड तास पुरते. वखारीतून विकत घ्या, जंगलातून उचलू नका. गाद्या आणि गवतापासून दूर, बाजूला दोन बादल्या पाणी. लाऊडस्पीकर रात्री दहानंतर बंद, तो नियमच आहे, आणि खऱ्या गाण्याला तो लागतही नाही.

गडावर पहाटे अंधारात नका चढू, उजाडल्यावर जा. बूट घाला. हातात खाऊची पिशवी नको, माकडं थेट ओढतात. ज्यांना गुडघ्याचा, छातीचा त्रास आहे ते अंबाळा तलावाकडे फिरतील, तसं आधीच जाहीर करा म्हणजे कोणाला अवघडल्यासारखं होणार नाही. खिंडसी तलावात नावेत बसलेच तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय नाही.

चुलीपाशी

नावनोंदणीच्या फॉर्मवर बीपी, शुगर, दमा, ॲलर्जी, चालू गोळ्या आणि घरचा एक फोन नंबर लिहून घ्या. पेटीत ओआरएसची दहा पाकिटं (एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं-अर्धं करून नव्हे), पॅरासिटामॉल, क्रेप बँडेज, अँटिसेप्टिक, थर्मामीटर, टॉर्च. साप चावला तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हात-पाय हलू न देता थेट रामटेकच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं किंवा १०८ ला फोन करायचा. बस शहरात परत पाठवणार असाल तर रात्रीसाठी एक चारचाकी आणि ती चालवणारा माणूस तिथे थांबवा, किल्ली कुठे आहे ते दोघांना माहीत असू द्या.