‘लूट’ इंग्रजीने आपल्याकडून नेला, पण अर्धाच

गोदाकाठ : भाचीने दसऱ्यावर इंग्रजी निबंध लिहिला. ‘सोनं लुटतो’साठी तिने ‘लूट’ हेच क्रियापद वापरलं. बाईंनी ते लाल शाईने खोडून वर ‘एक्स्चेंज’ लिहिलं. मला ते पटलं नाही. शब्द मुळात आपल्याकडचा. संस्कृत ‘लुण्ट्’ धातूशी त्याचं नातं सांगतात. हिंदीतून तो कंपनीच्या लोकांच्या तोंडी गेला, १७८८ च्या एका इंग्रजी शब्दसंग्रहात नोंदला गेला आणि एकोणिसाव्या शतकात क्रियापद म्हणून रुळला. पण नेला तो फक्त ओरबाडण्याचा अर्थ. संक्रांतीला आई वाण लुटते, म्हणजे देते! बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा ओततात आणि पोरं त्यावर तुटून पडतात. तीही लूटच. यातलं काहीच इंग्रजीत पोचलं नाही.

टाचणवही : ताई, बाई बरोबर आहेत. वाण, आनंद, मजा हे सगळे मागून आलेले अर्थ. मूळ अर्थ लुटारूचाच. रघुराजा आणि कौत्साची कथा गोड आहे, पण दसऱ्याला सीमोल्लंघन करून मराठी फौजा मोहिमेवर निघत, हेही विसरू नका. इंग्रजीने मुख्य अर्थ उचलला, त्यात अर्धं काय?

गोदाकाठ : मग तो अर्थ त्यांनी कुणाला लावला तेही बघा. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं. टिपूचा लाकडी वाघ आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. श्रीरंगपट्टणचा खजिना सैन्यात हुद्द्याप्रमाणे वाटला गेला, त्याचं सरकारी नाव ‘प्राइझ मनी’. पेशवाई बुडाल्यावर हाती आलेली संपत्ती? ‘डेक्कन प्राइझ’. स्वतः घेतलं ते बक्षीस! २००५ च्या कॅटरिना वादळातही तेच. छातीभर पाण्यातून दुकानातलं सामान नेणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाच्या फोटोखाली ‘लूटिंग’, तशाच गोऱ्या जोडप्याच्या फोटोखाली ‘फाइंडिंग’. दोन वृत्तसंस्थांचे फोटो होते, पण क्रियापद कुणाला चिकटलं ते दिसलंच.

पायवाट : म्हणूनच ‘सुरतेची लूट’ म्हणणं सोडायला हवं. इंग्रजीत वाचणाऱ्याला महाराज दरोडेखोर वाटतात. ‘स्वारी’ म्हणा.

गोदाकाठ : इथे मात्र मी तुमच्या विरुद्ध. १६६४ मध्ये सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांकडे ‘लूट’ हा शब्दच नव्हता. त्यांच्याकडे ‘प्लंडर’ होता आणि तोही तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत जर्मनमधून आलेला. त्यांनी आपल्या शब्दाला चिकटवलेली लाज आपण परत आणून आपल्याच इतिहासाला का लावायची? शत्रूच्या मुलखातून धन आणणं हा तेव्हाच्या राज्यकारभाराचा भाग होता. मोगलही तेच करत.

टाचणवही : ‘लूट’च म्हणावं, हे मलाही मान्य. पण लाज फक्त इंग्रजांनी चिकटवली, हे नाही पटत. ज्या व्यापाऱ्याची पेटी फुटली, त्याला तेव्हाही तो शब्द बोचलाच असणार. त्याचं दुःख शब्दातून पुसू नका.

गोदाकाठ : नाही पुसत. भाचीला सांगितलंय, ‘लूट’ ठेव आणि पुढे एक वाक्य जोड : आम्ही आपट्याची पानं एकमेकांच्या हातात देतो आणि त्याला सोनं लुटणं म्हणतो.

टाचणवही : त्या वाक्यासह चालेल. फक्त ‘लूट’ अवतरणचिन्हांत टाकायला सांगा.

गोदाकाठ : अवतरणचिन्हं नकोत. घरचा शब्द आहे.