२०१२ ची होंडा सिटी घ्यावी का? एअरबॅग रिकॉल खरंच झालाय हे कसं तपासायचं?

कुडाळकर

नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे.

गाडी हवी आहे ती मुख्यतः आई-बाबांसाठी. बाबांना तपासणीला वरचेवर कुडाळहून गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात न्यावं लागतं आणि दर खेपेला भाड्याची गाडी शोधण्यात अर्धी सकाळ जाते. बजेट तीन लाखांच्या आत. म्हापशाचे ओळखीतले एक गृहस्थ त्यांची २०१२ ची होंडा सिटी विकतायत. पेट्रोल, मॅन्युअल, ७८ हजार किलोमीटर, गोवा पासिंग, ते दुसरे मालक. पावणेतीन लाख सांगतायत. चालवून पाहिली. इंजिनाचा आवाज नाही, एसी थंडगार, गिअर लोण्यासारखे पडतात.

अडलंय ते एअरबॅगपाशी. मित्र म्हणाला, या सिट्यांच्या एअरबॅगचा रिकॉल निघाला होता, म्हणजे सदोष भाग बदलायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या होत्या. मालकांना विचारलं तर म्हणाले, "ते सगळं पहिल्या मालकाने करून घेतलंय." कागद मात्र एकही नाही. इथल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, इतक्या वर्षांत काही झालं नाही तर आता काय होणार, आणि फारच धास्ती वाटत असेल तर एअरबॅगची वायर काढून देतो.

गाडी मनात भरली आहे. पण बाबा नेहमी पुढे डाव्या सीटवर बसतात, म्हणून जीव लागत नाही. जाणकारांनी सांगावं.

सारथी_७१

कुडाळकर, आधी एक विनंती. वायर काढू देऊ नका. कोणालाही, कधीही.

आता मुद्द्याचं. तुमच्या मित्राने सांगितलं ते बरोबर आहे. हा रिकॉल टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचा. एअरबॅग फुगवायला धातूच्या एका छोट्या डब्यात स्फोटक रसायनाच्या वड्या असतात, त्या डब्याला इन्फ्लेटर म्हणतात. टाकाटाने त्यात अमोनियम नायट्रेट वापरलं आणि बऱ्याच इन्फ्लेटरमध्ये ओलावा शोषून घेणारा पदार्थ घातलाच नाही. वर्षानुवर्षं ऊन-दमट-ऊन-दमट असं होत राहिलं की वड्या ठिसूळ होतात, त्यांचा भुगा होतो. अपघात झाला की तो भुगा हवा त्यापेक्षा फार वेगाने जळतो, डबा आतला दाब पेलू शकत नाही आणि फुटतो. मग कापडी पिशवीतून धातूचे तुकडे चेहऱ्यावर, मानेवर येतात.

म्हणजे गॅरेजवाल्याचं म्हणणं नेमकं उलटं आहे. "इतकी वर्षं काही झालं नाही" याने धोका कमी होत नाही. गाडी जितकी जुनी आणि हवा जितकी दमट, तितका तो वाढतो. आणि म्हापसा-कुडाळपेक्षा दमट हवा आणखी कुठली शोधायची? अमेरिकेबाहेरचा यातला पहिला मृत्यू २०१४ मध्ये मलेशियात झाला. गाडी होंडा सिटीच होती, जुन्या पिढीतली, आणि वेगही फार नव्हता.

भारतात होंडाने हे टप्प्याटप्प्याने केलं. जुलै २०१६ मध्ये १,९०,५७८ गाड्या बोलावल्या, त्यातल्या बहुतेक २००८ ते २०११ च्या सिटी. जानेवारी २०१७ मध्ये २०१२ साली बनलेल्या ४१,५८० गाड्या, त्यात ३२,४५६ सिटी. तुमची बहुधा याच टप्प्यातली. जानेवारी २०१८ मध्ये २०१३ च्या २२,८३४ गाड्या. काम मोफत होतं. मालक दुसरा असो की चौथा, फरक पडत नाही, कारण रिकॉल चासी नंबरला चिकटलेला असतो.

तेव्हा मालकाच्या शब्दावर जाऊ नका. आरसीवरचा १७ अंकी-अक्षरी चासी नंबर घ्या, तो गाडीवर कोरलेल्या नंबराशी एकेक अक्षर लावून पहा आणि होंडाच्या भारतातल्या संकेतस्थळावर टाका. या नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतातच, त्यामुळे जे गोल दिसेल ते शून्य समजा. मग तोच नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि नोंद छापून मागा. ड्रायव्हर बाजूचा इन्फ्लेटर आणि शेजारच्या सीटचा, दोन्हींबद्दल वेगवेगळं विचारा. एका बाजूचं काम झालेलं आणि दुसरं राहिलेलं असू शकतं.

मंजिरी_ह्यूस्टन

सारथींच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. इथे टेक्सासमध्ये शिकायला येणारी आपली मुलं पहिली गाडी म्हणून हमखास जुनी होंडा किंवा टोयोटा घेतात, त्यामुळे हा विषय आमच्या मंडळात दरवर्षी निघतो. २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि अॅक्युरा गाड्यांत 'अल्फा' नावाचे इन्फ्लेटर होते. सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेच्या चाचण्यांत त्यातले ५० टक्क्यांपर्यंत फुटले. त्या गाड्यांसाठी सरळ "चालवू नका" असा इशारा आहे, दुरुस्तीला न्यायचीही ती टोचन करून.

इथला कायदा वापरलेली गाडी विकणाऱ्या दुकानदाराला राहिलेला रिकॉल आधी पूर्ण करायला भाग पाडत नाही, हे फार जणांना ठाऊक नसतं. म्हणून नवीन आलेल्या प्रत्येकाला आम्ही सांगतो, चासी नंबर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. अमेरिकेत चोवीसहून अधिक माणसं यात गेली आहेत. टाकाटाने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, पण त्यांचे इन्फ्लेटर अजून रस्त्यावर आहेत.

कुडाळकर, तपासणी होईपर्यंत बाबांना मागे बसवा. ते कुरकुर करतील, करू देत.

रानमेवा

एवढी डोकेदुखी हवी कशाला? त्याच पैशात २०१५-१६ ची एखादी छोटी हॅचबॅक येईल. वय कमी, रिकॉलचा प्रश्न नाही, सुटे भाग गल्लोगल्ली.

सारथी_७१

रानमेवा, पर्याय म्हणून ठीक, पण एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या सीटची त्यानंतर २०२१ मध्ये. २०१५ च्या हॅचबॅकचं खालचं मॉडेल घेतलंत तर त्यात एअरबॅग बहुधा नसेलच, एबीएसही (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नसेल. मग सदोष एअरबॅगऐवजी बिनएअरबॅगची गाडी घेतली, एवढंच. बदललेला इन्फ्लेटर असलेली सिटी मला त्यापेक्षा कितीतरी बरी वाटते. आणि रिकॉल नाही असं कुठल्याच कंपनीबद्दल गृहीत धरू नका. मारुतीने २०१४ मध्ये पेट्रोल भरायच्या नळीसाठी एर्टिगा, स्विफ्ट, डिझायर मिळून लाखावर गाड्या बोलावल्या होत्या. फोर्डने २०१३ मध्ये फिगो आणि क्लासिक बोलावल्या. रिकॉल निघाला म्हणून गाडी वाईट ठरत नाही. निघालेलं काम राहून गेलं असेल तर ती गाडी धोक्याची.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सरकारला रिकॉल सक्तीचा करायचा अधिकार मिळाला, नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले, दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. २०१२ च्या गाडीसाठी तुम्हालाच जागरूक राहावं लागणार.

वाशिष्ठीकाठ

एअरबॅगचं सगळं आलंच आहे. मी चिपळूणचा, म्हणून पाण्याचं बोलतो. जुलै २०२१ च्या पुरानंतर कितीतरी गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत गेल्या. गोवा पासिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नका, मधल्या काळात गाडी कुठे होती ते विचारा.

पाहायचं कसं ते सांगतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत, अडेपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरात येतो तो भाग सगळे धुतात, पण आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची पिवळट रेघ राहते. डिकीतलं स्टेपनी काढून खालच्या पत्र्याच्या खोबणीत बोट फिरवा, रेती लागते का पहा. पुढच्या सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारून स्क्रू आणि स्प्रिंग गंजलेत का ते बघा. एअरबॅगचा कंट्रोलर गाडीच्या मध्यभागी खालीच असतो, त्यात पाणी गेलं असेल तर इन्फ्लेटर बदलूनही उपयोग नाही.

आणि चावी फिरवल्यावर मीटरमधला एसआरएसचा, म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेचा दिवा नीट पहा. तो लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागूनच राहिला तर बिघाड. मुळीच लागला नाही तर जास्त वाईट, बहुधा कुणीतरी दिवाच बंद केला आहे.

बाकी हे इंजिन भक्कम आहे, टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, तेल वेळेवर बदललं असेल तर चिंता नाही. समुद्राच्या हवेत खर्च निघतो तो खालून. सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड, सायलेन्सर, दाराखालचे पत्रे. रॅम्पवर चढवून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका.

पिंपरी_निलेश

धाग्याला फाटा फुटतोय, पण विचारतो. माझी सिटी २०१८ ची आहे, तिला यातलं काही लागू आहे का?

सारथी_७१

निलेश, टाकाटाचं नाही, पण गाडीतल्या पेट्रोल पंपाचं, म्हणजे टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचं नक्की तपासा. पंपातलं इंपेलर, म्हणजे पात्यांची चकती, सदोष होती. गाडी चालता चालता बंद पडू शकते किंवा सुरूच होत नाही. जून २०२० मध्ये होंडाने २०१८ च्या ६५,६५१ गाड्या बोलावल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी ९०,४६८, बहुतेक सप्टेंबर २०१७ ते जून २०१८ मधल्या.

कुडाळकर, हे तुमच्याही कामाचं आहे. २०२४ च्या त्या आकड्यात २,२०४ जुन्या मॉडेलच्या गाड्या होत्या, ज्यांत हाच पंप सुटा भाग म्हणून नंतर बसवला गेला होता. मालकांना विचारा, पंप कधी बदललाय का.

कुडाळकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल म्हापशाला जाऊन आलो.

चासी नंबर टाकला. ड्रायव्हर बाजूचं काम पूर्ण, शेजारच्या सीटचा इन्फ्लेटर बाकी. म्हणजे बाबा जिथे बसणार होते तोच. सर्व्हिस सेंटरने नोंद छापून दिली. मालकांना दाखवली तेव्हा तेही हादरले, त्यांची मुलगी रोज त्या सीटवर बसून कॉलेजला जाते. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोन करून तारीख घेतली. काम झाल्याचा कागद हातात आला की मगच पैसे, असं ठरलं आहे.

बेल्ट ओढून पाहिले, स्वच्छ. दिवा लागला आणि विझला. रॅम्पवर उजवीकडचा लोअर आर्म बुश गेलेला दिसला आणि सायलेन्सरला गंज आहे, म्हणून ते अडीच लाखांवर यायला तयार आहेत. पंप मूळचाच आहे म्हणतात. गोवा पासिंग बदलून घेण्याचं काय?

वाशिष्ठीकाठ

म्हापशाच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र मालकांकडूनच काढून घ्या, ते आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मग सिंधुदुर्गात रस्ता कर भरून नवा नंबर. गाडीवर जुनं कर्ज असेल तर बँकेचा नोंद उतरवल्याचा कागदही लागेल. २०२७ मध्ये गाडीला १५ वर्षं पूर्ण होतील, तेव्हा फेरनोंदणीसाठी तपासणी होईल आणि पर्यावरण कर भरावा लागेल. तो खर्च आताच भावात धरा, सायलेन्सरच्या नावाने आणखी पाच-दहा हजार सुटतील.