ते दोघे शोभेचे नाहीत

ब्रिटनच्या एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमधले, म्हणजे नोकरीविषयक दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणातले, न्यायाधीशांसोबत बसणारे दोन बिगर-वकील सदस्य नुसते शोभेला असतात, असं काहींचं मत असतं. मला ते पटत नाही. तिघांच्या मताचं वजन सारखंच. दोघे एक झाले तर न्यायाधीश अल्पमतात जातात. एकाला मालकांच्या बाजूचा अनुभव, दुसऱ्याला कामगारांच्या, पण वकिली कुणाचीच करायची नसते. एप्रिल २०१२ पासून बडतर्फीचे साधे दावे बहुधा एकटे न्यायाधीशच ऐकतात. मला तरी ते खटकतं, कारण अशा दाव्यातला ‘समंजस मालक असं वागला असता का’ हा प्रश्न कायद्याइतकाच कामाच्या जागेचा आहे.

भेदभावाच्या एका दाव्याला मी मागच्या बाकावर होतो. वकील तासभर पॉलिसीची कलमं वाचत होते. सदस्य बाईंनी एवढंच विचारलं, ‘त्या रात्रपाळीला सुपरवायझर कोण होतं?’ मॅनेजरला सांगता येईना. शेवटी रोटा, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, मागवावा लागला. तो कागदपत्रांत लावलेलाच नव्हता.